रीड बेड आणि नॅनो कण: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घामाचा वास येऊ न देणारे मोजे, 'अँटीबॅक्टेरियल' टॉवेल, सनस्क्रीन यांत चांदी, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे १ ते १०० नॅनोमीटरचे कण असू शकतात. कपडे धुताना आणि अंघोळीत ते सुटतात आणि तुमच्या रीड बेडमध्ये, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या, खडी आणि पाणवनस्पतींच्या वाफ्यात, येतात. सोसायटीपेक्षा रिसॉर्ट, वसतिगृह आणि लाँड्री असलेल्या ग्राहकांनी इकडे जास्त लक्ष द्यावं.

एका मिलिमीटरात १० लाख नॅनोमीटर. म्हणजे १०-२० मिलिमीटरची खडी हे कण गाळू शकत नाही. तरी बरेचसे कण बेडमध्येच राहतात, कारण सांडपाण्यात त्यांचे गोळे होतात आणि ते खडीवरच्या बुळबुळीत जिवाणूथराला चिकटतात. आडव्या बेडमध्ये (जिथे पाणी एका टोकाकडून दुसऱ्याकडे वाहतं) ते इनलेटजवळ जास्त साठतात, उभ्या बेडमध्ये (जिथे पाणी वरून खाली झिरपतं) वरच्या थरात.

आधी मार बसतो तो अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना. ते सावकाश वाढतात आणि चांदी-जस्ताला लवकर बळी पडतात. त्यामुळे पाणी नितळ, वास नाही, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) ठीक, आणि अमोनिया मात्र चढलेला असं होऊ शकतं. नुसता बीओडीचा अहवाल पाहून निर्धास्त राहू नका. दर महिन्याला आउटलेटचा अमोनिया आणि नायट्रेट तपासा, आणि आपल्याच मागच्या अहवालांशी ताडून पाहा.

अमोनिया वाढला की लगेच नॅनो कणांवर खापर फोडू नका. बहुतेक वेळा कारण साधं असतं: बेड तुंबून हवा कमी पडलेली किंवा अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) संपलेली. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला सुमारे ७ ग्रॅम अल्कलिनिटी लागते. म्हणजे लिटरमागे ४० मिलिग्रॅम काढायचे तर साधारण २८५ मिलिग्रॅम हवी. हे दोन्ही ठीक असेल, तरच इनलेटच्या पाण्यात आणि गाळात चांदी-जस्त तपासून घ्या.

लाँड्रीचं पाणी सेप्टिक टँक चुकवून थेट बेडवर सोडू नका. हा शॉर्टकट महागात पडतो. टँकमध्ये हवा नसते, तिथे सल्फाइड तयार होतं आणि चांदीचं सिल्व्हर सल्फाइड बनतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून जिवाणूंना त्याचा त्रास फार कमी. जस्ताचंही सल्फाइड होतं, पण हवा लागली की त्यातून जस्त पुन्हा सुटू शकतं. पाण्याचा पीएच ७ च्या खाली गेला, तर धोका आणखी वाढतो. चांदीयुक्त जंतुनाशकाचा उरलेला कॅन मोरीत ओतणं तर अजिबात नको: महिनाभराचा माल बेडला एका दिवसात मिळतो.

कर्दळ किंवा पाणकणीस कापली म्हणजे धातू निघून गेले, असं होत नाही. झाड जे थोडं घेतं, त्यातलं बहुतेक मुळांतच राहतं. मुळं, इनलेटची खडी आणि टँकचा गाळ धातूंची तपासणी झाल्याशिवाय भाजीच्या वाफ्यात किंवा शेतात टाकू नका. काढलेली खडी धुतलीत, तर ते पाणी नाल्यात न सोडता सेप्टिक टँकमध्येच परत घाला.