परिषद केंद्र भाड्यातून स्वतःचा खर्च भागवते का?

सरकारने भव्य परिषद केंद्र उभारले की परिषदा आपोआप येतात आणि भाड्यातूनच गुंतवणूक वसूल होते, हा समज वर्षानुवर्षे रूढ आहे. तो चुकीचा आहे. बहुतेक सार्वजनिक केंद्रांच्या भाड्यातून बांधकामाचे कर्ज फिटणे तर दूरच, अनेकदा रोजचा चालवण्याचा खर्चही निघत नाही. ही तूट सरकार जाणीवपूर्वक पत्करते, कारण अपेक्षित लाभ केंद्राच्या हिशेबवहीत नव्हे, तर बाहेरगावहून आलेल्या प्रतिनिधींच्या निवास, भोजन व प्रवासावरील खर्चात आणि त्यातून मिळणाऱ्या करांत असतो. म्हणूनच स्थानिक समारंभांनी सभागृह गजबजलेले दिसले, तरी नवा पैसा फारसा येत नाही; असलेलाच पैसा गावातल्या गावात फिरतो, आणि हा फरक अहवालांत फार सहज पुसला जातो.

मागणीही गृहीत धरता येत नाही. अमेरिकेतील अभ्यासक हेवुड सँडर्स यांनी २००५ साली दाखवून दिले की १९९० नंतर तेथील प्रदर्शनाची जागा सुमारे दीडपट झाली, उपस्थिती मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. मोठ्या परिषदांचे आयोजक ठिकाण काही वर्षे आधीच निश्चित करतात आणि तेव्हा इमारतीइतकीच विमानसेवा व जवळच्या हॉटेलांतील खोल्यांची संख्याही पाहतात.