चोळकालीन उमामूर्ती

तमिळनाडूत चोळ राजवटीत (सु. ९ वे ते १३ वे शतक) घडवलेली पार्वतीची ओतीव धातुमूर्ती. ही गर्भगृहातली अचल मूर्ती नव्हे, मिरवायची उत्सवमूर्ती. म्हणून तिच्या पीठाला दांडे वा दोर ओवण्यासाठी कड्या किंवा भोके असतात. तंजावरच्या राजराजेश्वर (आजच्या बृहदीश्वर) मंदिरातल्या शिलालेखांत चोळ राजा पहिला राजराज याची बहीण कुंदवै हिने स्थापलेल्या उमापरमेश्वरीची आणि तिला वाहिलेल्या दागिन्यांची नोंद आहे. देवळात देवी वस्त्रालंकारांनी झाकलेली असते; संग्रहालयात दिसणारे उघडे शिल्प भाविकाला क्वचितच दिसे. तरीही पाठीवरचे अलंकारसुद्धा निगुतीने कोरलेले असतात.

देवी त्रिभंगात, म्हणजे अंगाला तीन ठिकाणी बाक देऊन उभी; मस्तकी करंडमुकुट, म्हणजे वर निमुळता होत जाणारा उंच मुकुट. उजवा हात कटकमुद्रेत: बोटांच्या पोकळीत ताजे फूल खोवता येते. डावा सैल लोंबता, तो लोलहस्त. प्रमाण मध्यम दशताल, म्हणजे मूर्तीच्या उंचीचे १२० समान भाग; असा एक भाग म्हणजे अंगुळ. हे अंगुळ त्या त्या मूर्तीच्या उंचीवरूनच काढायचे.

ओतकामाची रीत मधूच्छिष्टविधान. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचे उष्टे, अर्थात मेण. कावेरीकाठच्या स्वामिमलैत ही रीत आजही चालते. मेणात राळ आणि शेंगदाण्याचे तेल मिसळून पूर्ण मूर्ती घडवतात. तिच्यावर पहिला लेप कावेरीच्या अगदी बारीक गाळाचा, कारण बोटांची पेरे आणि दागिन्यांचे मणी तोच टिपतो. वरचे थर जाड, वाळूमिश्रित, तारांनी आवळलेले. साचा सावलीतच वाळवायचा, उन्हात तडकतो. मग तापवून मेण ओघळून काढतात आणि साचा गरम असतानाच वितळलेल्या धातूचा रस ओततात. साचा गार पडला तर रस बोटांच्या टोकांपर्यंत पोचण्याआधीच थिजतो. ओल किंवा मेण राहिले तर वाफ होऊन रस उसळतो, अंगावर छिद्रे पडतात. साचा फोडावाच लागतो, त्यामुळे ओतणे फसले की मेणापासून पुन्हा सुरुवात.

किती धातू लागेल हे मेणाच्या वजनावरून ठरते. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात तांबे-पितळ मेणाच्या आठपट, चांदी बारापट, सोने सोळापट सांगितले आहे. साच्यात रस जाण्यासाठी ठेवलेल्या नळ्यांत उरणारा रस धरून थोडे जास्तच घ्यावे. मिश्रधातूचे नाव पंचलोह (पाच धातूंचे) असले तरी मुख्य धातू तांबेच. त्यात कथील आणि शिसे. शिशाने रस पातळ होऊन बारकाव्यांत शिरतो.

पुरलेल्या मूर्ती सापडतात तेव्हा फिकट हिरव्या भुकटीकडे आधी बघावे. मातीतले क्लोराइड दमट हवेत तांबे खात राहते. गुळगुळीत, घट्ट हिरवा थर मात्र घासू नये. खालच्या धातूला तोच जपतो.