बाह्य माध्यमावरून संगणक सुरू करणे

संगणकाच्या आतील हार्ड डिस्कवरील किंवा एसएसडीवरील कार्यप्रणाली न वापरता सीडी, डीव्हीडी, पेनड्राइव्ह अथवा बाहेरून जोडलेल्या डिस्कवरील कार्यप्रणालीने संगणक चालू करण्याची पद्धत. नवी कार्यप्रणाली टाकणे, सुरू न होणाऱ्या संगणकातील फायली काढून घेणे, डिस्कचे विभाग बदलणे, विषाणूंची तपासणी करणे आणि एखादी कार्यप्रणाली कायमची न टाकता वापरून पाहणे, ही तिची नेहमीची प्रयोजने आहेत.

संगणकाला वीज मिळताच प्रोसेसर प्रथम मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेले फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला प्रारंभीचा प्रोग्राम, चालवतो. कार्यप्रणाली कोठून घ्यायची हे या फर्मवेअरमधील क्रमानुसार ठरते; आतील डिस्क ही त्या क्रमातील केवळ एक नोंद असते. बायोस या जुन्या प्रकारच्या फर्मवेअरच्या पद्धतीत क्रमातील पहिल्या उपलब्ध डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा खंड स्मृतीत आणला जातो, त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही षोडशमान मूल्ये आहेत का ते पाहिले जाते, आणि ती असतील तर संगणकाचा ताबा त्या खंडातील सूचनांकडे दिला जातो. एवढ्या थोड्या जागेत कार्यप्रणाली मावणे शक्य नसल्यामुळे तेथील प्रोग्राम फक्त पुढचा, मोठा प्रोग्राम शोधून आणण्याचे काम करतो. यूईएफआय या नंतरच्या पद्धतीत फर्मवेअरला फॅट प्रकारची फाइलव्यवस्था, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची रचना, वाचता येते. काढता येण्याजोग्या माध्यमावर ते ईएफआय या फोल्डरातील बूट या उपफोल्डरात ठरावीक नावाची फाइल शोधते आणि ती थेट चालवते.

आज ही पद्धत अडीअडचणीची वाटत असली, तरी सुरुवातीच्या व्यक्तिगत संगणकांचा तोच रिवाज होता. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीला हार्ड डिस्क नव्हती आणि डॉस ही तिची कार्यप्रणाली फ्लॉपीवरूनच चालू करावी लागे. पुढे हार्ड डिस्क आल्यावरही कित्येक वर्षे फ्लॉपीचा क्रमांक पहिलाच राहिला, आणि त्याचा फायदा बूट खंडात, म्हणजे डिस्कच्या वर सांगितलेल्या पहिल्या खंडात, दडणाऱ्या विषाणूंनी घेतला. १९८६ मध्ये लाहोरमध्ये तयार झालेला ‘ब्रेन’ आणि १९९१ मध्ये आढळलेला ‘मायकेलअँजेलो’ हे त्यांतील प्रसिद्ध होत. बाधित फ्लॉपी चुकून ड्राइव्हमध्ये राहिली आणि संगणक चालू केला, की तिच्यातील सूचना इतर कशाहीआधी चालत. मायकेलअँजेलोसारखा विषाणू मग हार्ड डिस्कवरही ठाण मांडी.

सीडीवरून संगणक सुरू करण्यासाठी फीनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये ‘एल टोरिटो’ हे विनिर्देश मांडले. सीडीवर फ्लॉपीची प्रतिमा ठेवून बायोसला ती फ्लॉपीच आहे असे भासवण्याची सोय त्यात होती. या पायावर खरी झेप घेतली ती जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांच्या ‘नॉपिक्स’ने. २००० मध्ये आलेल्या या लिनक्स वितरणात (लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या एका तयार संचात) दाबून बसवलेली फाइलव्यवस्था वापरली होती. त्यामुळे सुमारे दोन जीबीचे सॉफ्टवेअर ७०० एमबीच्या सीडीवर मावले आणि वाचताना लागेल तेवढाच भाग उलगडला जाऊ लागला. सीडीवर लिहिता येत नसल्यामुळे वापरकर्त्याने केलेले बदल रॅममध्ये ठेवले जातात आणि मूळ फायलींवर जणू पारदर्शक कागद पसरल्याप्रमाणे एकत्र दाखवले जातात. संगणक बंद होताच ते नाहीसे होतात. अशा, न टाकता थेट चालणाऱ्या ‘लाइव्ह’ पद्धतीच्या बहुतेक कार्यप्रणाली आजही याच तत्त्वावर चालतात. उबुंटू या लिनक्स वितरणाच्या सीडी २०११ पर्यंत टपालाने मोफत मिळत. इंटरनेट मंद असलेल्या त्या काळात भारतातील अनेक विद्यार्थ्यांना लिनक्सची पहिली ओळख अशा सीडींमुळेच झाली.

पेनड्राइव्ह तयार करताना एक गैरसमज वारंवार आढळतो. आयएसओ फाइल (संपूर्ण सीडी किंवा डीव्हीडीची एकाच फाइलीतील प्रतिमा) नेहमीच्या फाइलीसारखी कॉपी केली तर पेनड्राइव्ह बूटेबल, म्हणजे संगणक सुरू करण्याजोगा, होत नाही, कारण फर्मवेअरला हवा असलेला बूट खंड किंवा ठरावीक फाइल त्या आयएसओच्या आतच बंद राहते. ‘रुफस’ किंवा ‘एचर’सारखी साधने ती रचना पेनड्राइव्हवर प्रत्यक्ष उतरवतात, या वेळी पेनड्राइव्हवरील आधीची माहिती पुसली जाते. ‘व्हेंटॉय’ स्वतःचा बूट प्रोग्राम एकदाच बसवते आणि त्यानंतर मात्र आयएसओ फायली नुसत्या कॉपी केल्या तरी चालतात.

कोणत्या माध्यमावरून सुरुवात करायची ते निवडण्याचा बूट मेनू उघडण्याची कळ कंपनीनुसार बदलते: डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक संगणकांवर एफ१२, एचपीवर एफ९, तर इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर ऑप्शन. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावरही कार्यप्रणाली अर्धवट निद्रावस्थेत असते. अशा वेळी बाहेरून सुरू केलेल्या लिनक्सने डिस्कवरील विंडोजच्या विभागात काही लिहिल्यास माहिती बिघडू शकते. म्हणून फायली काढायच्या असतील तर तो विभाग केवळ वाचण्यापुरताच जोडावा.

या मार्गाने विंडोजच्या पासवर्डला सहज वळसा घालता येतो. डिस्क कूटबद्ध नसेल तर पेनड्राइव्ह हाती असलेल्या कोणालाही तिच्यातील फायली वाचता येतात, आणि खरे संरक्षण विंडोजमधील बिटलॉकरसारख्या कूटीकरणानेच मिळते. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सर्वत्र पसरलेले ‘सिक्युअर बूट’ मान्य स्वाक्षरी नसलेला बूट प्रोग्राम अडवते. ते बंद केल्यास बिटलॉकर ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागू शकते. ती आधीच हाताशी ठेवणे आवश्यक आहे. ॲपलने २०२० पासून आणलेल्या स्वतःच्या प्रोसेसरच्या मॅकमध्ये बाह्य डिस्कवरून सुरुवात करतानाही प्रारंभीचे टप्पे आतील साठवणीवरूनच वाचले जातात. त्यामुळे ती साठवण निकामी झाली तर बाहेरच्या डिस्कवरूनही संगणक सुरू होत नाही, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने ही गंभीर उणीव आहे.