भीतीचा खेळ आणि जिवाचा खेळ

९ एप्रिल १९५६. बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात जादूगार पी. सी. सरकार यांनी टेबलावर झोपवलेल्या मुलीच्या कमरेतून गोल करवत फिरवली. मग तिला हाक मारली, हात चोळले, पण ती काही उठेना. त्यांनी तिच्या चेहऱ्यावर काळं कापड टाकलं आणि तेवढ्यात सूत्रसंचालकाने कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. त्यानंतर बीबीसीचे फोन खणखणत राहिले. मुलगी गेली का, असं लोक विचारत होते. तिला साधा ओरखडाही आला नव्हता.

आता तलवार गिळणारा माणूस घ्या. त्याला पाहून अर्धे प्रेक्षक खात्रीने सांगतात की पातं मुठीत सरकतं. तसं काही होत नाही. खरं, ताठ पोलादी पातं घशातून अन्ननलिकेत आणि पुढे जठरापर्यंत उतरतं, वाटेत हृदयाला जवळजवळ खेटून जातं. धार बोथट असते, एवढीच काय ती सवलत. म्हणजे जिथे काहीच धोका नाही तिथे लोक घाबरतात आणि जिथे माणूस खरोखर जिवावर उदार झालेला असतो तिथे ‘काहीतरी ट्रिक असणार’ म्हणून हसतात.

प्रेक्षकांची गल्लत झाली तर बिघडत नाही, उलट खेळाची मजा त्यातच आहे. करणाऱ्याची झाली तर मात्र जीव जातो. म्हणून जादूचा प्रयोग आणि स्टंट वेगळे ओळखायला एक प्रश्न पुरतो: हा फसला तर फजिती होईल की इजा? करवतीच्या प्रयोगातली युक्ती उघडी पडली तर लोक हुर्यो करतील. तलवार गिळताना चूक झाली तर अन्ननलिका फाटेल. पहिल्यात सुरक्षितता सामानात आणि तालमीत असते, पडदा उघडण्याआधीच सगळं ठरलेलं असतं आणि जादूगाराच्या धाडसाचा तिथे काही संबंध नसतो. दुसऱ्यात धोका शेवटपर्यंत जागचा हलत नाही. कमावलेलं शरीर, शिल्लक ठेवलेलं अंतर आणि बाजूला उभी असलेली माणसं यांच्या जोरावर तो फक्त आवाक्यात ठेवलेला असतो.

लक्ष विचलित होणं ही गोष्टही दोन्हींत उलट काम करते. जादूत प्रेक्षकाचं लक्ष भलतीकडे वळवणं हेच तर भांडवल. स्टंटमध्ये करणाऱ्याचं लक्ष हललं की संपलं. २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तलवार गिळणाऱ्यांच्या दुखापतींवर एक अभ्यास आला होता, त्याच्या दोन लेखकांपैकी एक, डॅन मेयर, स्वतःच तलवार गिळणारे. इजा होण्याची शक्यता वाढते ती लक्ष विचलित झालं किंवा खेळात काही जास्तीची नक्षी घातली तर, हा त्यातला निष्कर्ष. एकाऐवजी अनेक तलवारी, वेड्यावाकड्या आकाराचं पातं, अशी ती नक्षी. जादूगार आणि स्टंटवाले दोघांनाही ‘आणखी थोडं’चा मोह असतो, पण जादूगाराला तो परवडतो.

सगळ्यात वाईट प्रकार या दोन्हींच्या मधला. दातात किंवा बशीत बंदुकीची गोळी झेलण्याचा प्रयोग घ्या. विल्यम रॉबिन्सन हा अमेरिकन जादूगार ‘चुंग लिंग सू’ या नावाने, चिनी वेशात तो करत असे. प्रेक्षकांनी खूण केलेल्या गोळ्या हातचलाखीने बदलल्या जायच्या आणि बदललेल्या गोळ्या बंदुकीच्या नळीत ठासल्या जायच्या. बंदुकीची रचना अशी होती की चापाची ठिणगी मुख्य नळीपर्यंत पोचू नये. तिने खालच्या, ठासणीचा गज ठेवायच्या नळीतली नुसती दारू पेटवावी. बार उडे, धूर निघे, गोळी मात्र जागीच राही. प्रयोगानंतर ती दारू आणि गोळी बाहेर काढायला तो बार न उडवता बंदुकीचा मागचा भागच खोलत असे. वर्षानुवर्षांच्या अशा वापराने आतली वाट झिजली, दारूचे कण साचले. २३ मार्च १९१८ च्या रात्री लंडनच्या वुड ग्रीन एम्पायर नाट्यगृहात ठिणगी नको तिथे पोचली. गोळी त्याच्या छातीत घुसली आणि दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात वारला.

माझ्या मते याला नुसता अपघात म्हणून सोडून देणं चुकीचं आहे. खरी दारू आणि खरी गोळी ज्यात आहे, तो प्रयोग कागदावर कितीही जादूचा असला तरी स्टंटच. त्याची देखभालही स्टंटच्या शिस्तीनेच व्हायला हवी होती, दर खेळाआधी आणि जाणकाराच्या हातून. नुसती दारू भरलेली बंदूक निरुपद्रवी असते, हाही एक गैरसमज. जवळून उडवली तर तिच्यातून सुटणारा वायूच जीव घेऊ शकतो.

कागदी पेल्यांखाली किंवा पिशव्यांखाली उभा खिळा लपवून त्या एकेक करून तळहाताने चेपण्याचा प्रकार याच जातीचा. खिळा कुठे आहे हे जादूगाराला ठाऊक असतं, म्हणून तो निर्धास्त. पण ते ज्ञान एका खुणेवर किंवा एका आठवणीवर टांगलेलं असेल तर? २०१६ मध्ये पोलंडच्या टीव्हीवर थेट प्रक्षेपणात जादूगाराने निवेदिकेचा हात धरून पिशवीवर दाबला आणि खिळा तिच्या तळहातात गेला. खरा खिळा वापरायचाच कशाला, हा माझा साधा प्रश्न आहे. वापरायचाच असेल तर दुसऱ्याचा हात त्यावर ठेवायचा नाही. पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगार जोडीतले पेन जिलेट सतत हेच बजावत आले आहेत की जादू दिसायला भयानक असावी, करायला अगदी बिनधोक.

पाण्यातले आणि जमिनीखालचे प्रकार करणाऱ्यांना भुलवतात, कारण बेड्यांतून आणि बंद पेट्यांतून सुटून दाखवणारा जादूगार हुडिनी. त्याच्या पाण्याच्या पेटीला समोर काच होती, पाणी स्वच्छ आणि स्थिर होतं, पेटी मंचावर होती. जून २०१९ मध्ये जादूगार चंचल लाहिरी बांधलेल्या अवस्थेत हुगळी नदीत उतरले आणि वर आले नाहीत. नदीत प्रवाह असतो, गढूळ पाण्यात आत काय चाललंय ते वरच्यांना दिसत नाही आणि फोडायला काच नसते. युक्ती तीच राहिली तरी तिच्याभोवतीचं सगळं बदललेलं असतं. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोत जादूगार जो बरस प्लॅस्टिकच्या शवपेटीत स्वतःला पुरून घेताना वरून ओतलेल्या माती आणि ओल्या काँक्रीटच्या भाराखाली पेटी दबून मेला. एक घनमीटर काँक्रीट सुमारे २४०० किलो भरतं, हा हिशेब कुठल्याही हातचलाखीने बदलत नाही. श्वास रोखण्याचंही तसंच. २००८ मध्ये अमेरिकन जादूगार डेव्हिड ब्लेनने १७ मिनिटं श्वास रोखला तो आधी शुद्ध ऑक्सिजन ओढून आणि सरावाने. त्यात युक्ती शोधू नये. उलट, पाण्यात जाण्याआधी भराभर श्वास घेण्याची सवय घातक आहे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यावासा वाटण्याआधीच शुद्ध हरपते आणि बाहेरच्यांना तो माणूस शांतपणे बसलेला दिसतो.

म्हणूनच हुडिनीच्या पेटीशेजारी कुऱ्हाड घेऊन साहाय्यक उभा असायचा. प्रेक्षकांना ती नाटकाचा भाग वाटे, आणि होतीही. पण वेळ आली असती तर तिने काच फोडायची होती, आणि तो निर्णय आत अडकलेल्या माणसावर सोपवून भागत नाही. घड्याळ बाहेरच्याच्या हातात हवं, किती सेकंदांनंतर थांबायचं हे आधी ठरलेलं हवं, आणि ‘थांबा’ची खूण अशी हवी की ती अभिनय म्हणून कोणी चुकूनही वाचू नये.