ठिगळाला लाज कधी चिकटली?

जुना कपडा उसवून त्याचं दुसरं काही शिवणं, विरलेल्या जागी रफू करणं, एकच कोट वर्षानुवर्षं चालवणं, याकडे आता पुन्हा आदरानं पाहिलं जाऊ लागलं आहे. पर्यावरणाच्या काळजीतून सुचलेलं हे नवं शहाणपण आहे, असाच बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात माणूस कपडे घालू लागला तेव्हापासून ते दुरुस्तही करत आला आहे. टाकून देण्याची सवयच नवी आहे. ठिगळ म्हणजे गरिबी हे समीकरण जुनं असेल, पण दुरुस्ती म्हणजे कमीपणा ही भावना कापड स्वस्त झाल्यानंतरची.

१९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात ओत्झी सापडला, तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस. शेळ्यामेंढ्यांच्या कातड्याचे पट्टे जोडून शिवलेला त्याचा अंगरखा जनावराच्या स्नायूंपासून काढलेल्या तंतूंनी नेटका सांधलेला होता. मधल्या काही जागा मात्र उसवल्यावर गवताच्या दोऱ्यानं ओबडधोबड टाके घालून पुन्हा जोडलेल्या दिसतात. तो अंगरखा टाकून द्यावा असं त्याला वाटलं नाही, एवढं त्या टाक्यांवरून नक्की कळतं.

काटकसर आणि प्रतिष्ठा यांची सांगड घालणारा मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग बौद्ध विनयपिटकातला, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथातला आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या अंतःपुरातल्या स्त्रियांनी बुद्धांचा शिष्य आनंद याला पाचशे उत्तरीयं दान दिली. राजा चिडला. श्रमणाला एवढी वस्त्रं कशाला, हा काय कापडाचं दुकान मांडणार आहे? त्यानं आनंदाला गाठून विचारलं, तेव्हा आनंद म्हणाला, ज्या भिक्षूंची चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देईन. मग त्या जीर्ण चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवर अंथरायला. जुन्या अंथरुणांचं? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचं? झाडण-पुसण्याची फडकी. आणि तीही फाटली की? बारीक कुटून, चिखलात कालवून जमीन लिंपायला. राजाचं समाधान झालं आणि त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली. एका कापडाच्या इतक्या उतरत्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला ठरलेलं काम, असा हिशेब आजच्या एखाद्या कारखान्यालाही मांडता येईल की नाही, शंका आहे.

याच परंपरेत उकिरड्यावर किंवा स्मशानात सापडलेल्या चिंध्यांच्या चीवराला ‘पांसुकूल’ म्हणत. मगधातली बांध घातलेली शेतं पाहून बुद्धांनी तशा आखणीचं चीवर करायला सांगितलं आणि आनंदानं ते बेतलं, अशी नोंद आहे. कापड मुद्दाम कापून, तुकडे जोडून चीवर शिवायचं, म्हणजे ते श्रमणाला शोभेल आणि कुणाला त्याचा मोह होणार नाही. सूफी फकिरांच्या ठिगळांच्या झग्यामागेही अशीच भावना होती. मात्र ही ठिगळं स्वेच्छेनं स्वीकारलेली होती. नाइलाजानं ठिगळ लावणाऱ्याच्या वाट्याला असा मान सहसा येत नसे. हा फरक विसरला, तर काटकसरीचं कौतुक करता करता आपण गरिबीचंच कौतुक करू लागतो.

तरीही साध्या संसारी घरांतून दुरुस्तीला किंमत होती, कारण कापडालाच किंमत होती. हातानं सूत काढायच्या काळात एका विणकराच्या मागाला पुरेल इतकं सूत काढायला अनेक हात राबत. एका सदऱ्याचं कापड म्हणजे कित्येक दिवसांची मेहनत. त्यामुळे युरोपातल्या जुन्या मृत्युपत्रांत जमिनीबरोबर अंगातले झगे आणि डगलेही नावानिशी वाटलेले आढळतात. मालकाचा कोट नोकराकडे, त्याच्याकडून जुन्या बाजारात आणि तिथून आणखी कुणाच्या अंगावर, असा कपड्याचा प्रवास चाले. कोट ‘उलटवणं’ हे तर तिथल्या शिंप्यांचं नेहमीचं काम होतं. बाहेरची बाजू विटली की कोट पुरता उसवायचा आणि आतली, न विटलेली बाजू वर घेऊन पुन्हा शिवायचा. अशा कोटाचा छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे जाई, काजांची बाजूही बदले. जाणकार डोळ्याला ते लगेच कळे. कोट मात्र आणखी काही वर्षं निघे.

रफूची कला तर याहून बारीक. काश्मिरी कानी शालींचे वेगवेगळे विणलेले तुकडे रफूगर असे जोडत की सांधा कुठे आहे हे बोटांनाही कळू नये. म्हणजे रफूगर फक्त भोक बुजवणारा कारागीर नव्हता. नव्या कोऱ्या शालीच्या घडणीतही त्याचा हात असे. रफू करताना आधी उभे धागे भरायचे, मग आडवा धागा एक वर एक खाली घालत विणत जायचं. शक्य असेल तर धागा त्याच कपड्याच्या आतल्या कडेतून काढायचा, म्हणजे रंग आणि पोत जुळतो. लोकर असेल तर प्रत्येक वळणावर धाग्याचा बारीकसा फास सैल ठेवायचा. धुतल्यावर धागा आटला तरी रफू चुरगळत नाही. नेदरलँड्समध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मुलींना हे काम रीतसर शिकवत. कापडाला मुद्दाम चौकोनी भोकं पाडून ती वेगवेगळ्या विणींनी आणि रंगीत धाग्यांनी भरलेले त्यांचे नमुने आज संग्रहालयांत पाहायला मिळतात. ते नमुने पाहिले की या कामाला ‘डागडुजी’ म्हणावंसं वाटत नाही.

कपडा पूर्ण संपला तरी त्याला एक शेवटचं गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे कागदाचा कारखाना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातला कागद मुख्यतः लिननच्या आणि सुती चिंध्यांपासून बनत असे, आणि चिंध्या गोळा करणं हा मोठा धंदा होता. १८४४ च्या सुमारास जर्मनीत फ्रीड्रिख केलरनं लाकूड घासून लगदा करण्याची रीत काढली. पुढच्या काही दशकांत कागद लाकडाचा झाला आणि चिंधीचा भाव उतरला.

लोकरीच्या चिंध्यांची वाट वेगळी होती. १८१३ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातल्या बॅटली गावी बेंजामिन लॉनं जुन्या लोकरी कपड्यांचे तंतू मोकळे करून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढलं. या मालाला ‘शॉडी’ म्हणत. कपडे फाडताना तंतू आखूड होतात, त्यामुळे असं कापड मुळातच थोडं कमजोर. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तेव्हा कंत्राटदारांनी असल्या कापडाचे गणवेश सैनिकांच्या गळ्यात मारले आणि ते अंगावरच फाटू लागले. या बदनामीतून शॉडी कधी पूर्ण सावरली नाही. धंदा मात्र टिकला. आज त्याचं एक मोठं केंद्र हरियाणातलं पानिपत आहे. परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे तिथे रंगांनुसार निवडले जातात, बटणं आणि चेन काढून फाडले जातात आणि त्यांच्या सुताची ब्लँकेटं होतात.

दरम्यान कापडाची किंमत कोसळली होती. हारग्रीव्ह्ज, आर्कराइट आणि क्रॉम्प्टन यांच्या सूतकताई यंत्रांनी १७६० ते १७८० च्या दरम्यान सुताचा तुटवडा संपवला. १७९३ मध्ये कापसातून सरकी काढणारं यंत्र आलं. स्वस्त कापसाची खरी किंमत अमेरिकेतल्या गुलामांनी मोजली, हे इथे नोंदवलंच पाहिजे. १८५० नंतर शिवणयंत्र घरोघरी जाऊ लागलं. त्यानं घरी कपडे बदलून शिवणं सोपं केलं आणि तयार कपड्यांचा बाजारही उभा केला. शेवटी जिंकला तो बाजार. नवा कपडा दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडू लागला, तसतसा ठिगळाचा अर्थ एकच उरला: याला नवा परवडत नाही.

ही लाज किती खोल जाते ते जपानच्या उत्तरेकडे दिसतं. आओमोरीच्या थंडीत कापूस पिकत नाही. शेतकरी हेम्पचं, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या तंतूंचं जाडंभरडं कापड नेसत, आणि पश्चिमेकडून जहाजांनी येणारे जुन्या सुती कापडाचे तुकडे त्यांच्यासाठी अप्रूपाचे होते. ते तुकडे थरावर थर ठेवून दाट धावदोऱ्यानं शिवले की ऊब धरत. एकच कपडा आजीकडून नातीकडे जाई आणि दर पिढीत त्यावर नवे थर चढत. हेच ‘बोरो’. दुसऱ्या महायुद्धानंतर सुबत्ता आली तेव्हा घरोघरच्या लोकांना या कपड्यांची शरम वाटू लागली आणि पुष्कळ बोरो नाहीसे झाले. चुझाबुरो तानाका या संशोधकानं गावोगाव फिरून ते जमवले, म्हणून आज ते संग्रहालयांत आहेत. बंगालच्या बायकांनी जुन्या साड्या आणि धोतरं एकावर एक ठेवून, साडीच्या काठातलाच रंगीत धागा काढून कांथा भरली, तिचंही असंच. घरातल्या उबेसाठी केलेली वस्तू कला ठरायला बाहेरच्या माणसाची नजर लागली.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या नदीकाठच्या वस्तीची गोष्ट याहून हलवून सोडणारी आहे. गुलामांच्या वंशज असलेल्या तिथल्या बायका शेतात झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. मिसूरी पेटवे यांनी वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी १९४२ मध्ये शिवली, त्याची आठवण अंगावर पांघरता यावी म्हणून. अशा गोधड्यांमध्ये डेनिमचा तुकडा गुडघ्यावर पांढुरका पडलेला असतो आणि खिसा उसवला तिथे मूळचा गडद निळा चौकोन तसाच उरलेला असतो. २००२ मध्ये या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. सन्मान झाला, पण शिवणाऱ्या कित्येकजणी तोवर हयात नव्हत्या.

विसाव्या शतकात एकदा मात्र अख्ख्या देशानं सरकारी आदेशानं ठिगळ लावलं. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. गिरण्या, मजूर आणि जहाजांतली जागा युद्धाला हवी होती. माणशी वर्षाला ६६ कूपनं मिळत आणि एका लोकरी झग्यालाच ११ जात. पुढे कोटा आणखी घटला. १९४३ मध्ये ‘मेक डू अँड मेन्ड’ (आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करा) ही पुस्तिका निघाली. पुरुषाच्या जुन्या सुटातून बाईचा पोशाख कसा बेतायचा, झिजलेली कॉलर उसवून उलटी कशी बसवायची, मधे विरलेली चादर उभी फाडून कडेच्या बाजू मधे कशा आणायच्या, हे सारं सरकार शिकवत होतं. काल जे गरीब मोलकरीण मुकाट्यानं करत होती तेच आता देशकार्य ठरलं. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. टाका तोच, कापड तेच. सगळ्यांच्याच अंगावर ठिगळ आलं तेव्हा लाज उरली नाही. लोकांना मात्र ते सक्तीचंच वाटत होतं. मार्च १९४९ मध्ये रेशनिंग उठलं आणि नव्या कपड्यांची ओढ दुपटीनं परतली.

त्यानंतरची कथा वेगानं घडते. नायलॉन, पॉलिस्टर, दूरदेशी स्वस्त मजुरी, दर पंधरवड्याला नवी फॅशन. एलन मॅकार्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार २००० ते २०१५ या काळात जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं, आणि जुन्या कपड्यांपासून नव्या कपड्यांत परत जाणारा माल एक टक्क्याहून कमी आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक कामगार दगावले, तेव्हा स्वस्त कपड्याची किंमत कोण मोजतं हे जगानं पाहिलं. आपण दान म्हणून दिलेले कपडेही नेहमी गरजूच्या अंगावर पोचतात असं नाही. श्रीमंत देशांतले गठ्ठे घानातल्या अक्रा शहराच्या कांतामांतो बाजारात जातात. तिथले कारागीर ते धुऊन, उसवून, बेतून पुन्हा विकण्याजोगे करतात, आणि ज्याचं काहीच होऊ शकत नाही त्या मालाचा कचरा त्यांच्याच शहराच्या गळ्यात पडतो.

दान आणि प्रतिष्ठा यांचा गुंता सोडवण्याचा एक गंभीर प्रयत्न भारतात झाला. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’नं जुने कपडे फुकट वाटण्याऐवजी ते गावानं स्वतः ठरवलेल्या श्रमाचा मोबदला म्हणून द्यायला सुरुवात केली. विहीर खोदा, रस्ता करा, आणि कपडे हक्कानं घ्या. अगदी वापरण्याजोगं न उरलेलं सुती कापड मासिक पाळीच्या पॅडसाठी वापरलं जातं. २०१५ मध्ये गुप्तांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घेणाऱ्याचा हात खाली असू नये, हा विचार आनंदाच्या उत्तराइतकाच मला महत्त्वाचा वाटतो.

अलीकडे कायदेही हलू लागले आहेत. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२३ पासून कपडे आणि पादत्राणं दुरुस्त करून घेणाऱ्याला बिलात सूट मिळते. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून कापडी कचरा वेगळा गोळा करणं सदस्य देशांना बंधनकारक आहे. अडचण आता कपड्याच्या शिवणीतच आहे. जुने शिंपी शिवणीच्या आत जास्तीचं कापड, म्हणजे माया, सोडत, म्हणजे कपडा पुढे सैल करता येई, वाढवता येई, उलटवताही येई. आजच्या तयार कपड्यांत कड ओव्हरलॉक या यंत्रानं कापूनच शिवलेली असते. उसवायला गेलं तर हाती पाव इंचही उरत नाही. सुती आणि पॉलिस्टर धागे इतके एकजीव विणलेले असतात की फाडून सूत काढणाऱ्यालाही ते वेगळे करणं कठीण जातं. जुना कपडा पुन्हा शिवायचा, तर तो पहिल्यांदा बेततानाच आत माया ठेवावी लागेल.