कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर वाचनाचा खेळ: वर्तुळ किती मोठं आखायचं?

पोकेमॉन गो हा मोबाइलवरचा खेळ २०१६ साली आला आणि त्यातले काल्पनिक प्राणी पकडायला मुलं मोबाइल घेऊन गल्लोगल्ली फिरू लागली. ठरलेल्या जागी पोचल्याशिवाय पुढचं काही उघडायचं नाही, ही त्यातली युक्ती वाचनासाठी फार कामाची आहे. प्राण्यांऐवजी मजकूर ठेवायचा आणि पुढच्या जागेचा पत्ता त्या मजकुरातच द्यायचा. शिक्षकांना पडद्यावर नुसते आज्ञांचे ठोकळे जोडून असा खेळ करता यावा म्हणून अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने टेलब्लेझर हे सॉफ्टवेअर बनवलं.

असे खेळ फसतात ते बऱ्याचदा वर्तुळाच्या मापामुळे. प्रत्येक मजकुराभोवती नकाशावर एक वर्तुळ असतं. मोबाइल त्यात शिरला की मजकूर उघडतो. ते किती मोठं हवं, हे मोबाइलला आपली जागा किती अचूक कळते यावर ठरतं. पुष्कळांना वाटतं, उपग्रह आपल्याला वरून पाहतो. प्रत्यक्षात जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किमीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतो. हिशेब मोबाइल करतो. संदेश यायला लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे अंतर. वेळ एका मायक्रोसेकंदाने चुकली की अंतर ३०० मीटरने चुकतं. मोबाइलचं घड्याळ इतकं काटेकोर नसतं, म्हणून अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाची चूक अशी चार अज्ञातं धरून चार समीकरणं सोडवावी लागतात. त्यासाठी किमान चार उपग्रह दिसायला हवेत.

रंकाळ्याच्या काठावर आकाश मोकळं, तिथे चूक पाचेक मीटरची. महाद्वार रोडवर मात्र उपग्रहाची थेट लहर अडते आणि इमारतीवर आपटून आलेली लहर मोबाइलला मिळते. तिचा रस्ता लांबचा, त्यामुळे नकाशावरचा आपला ठिपका समोरच्या दुकानात जाऊन बसतो. अशा रस्त्यावर वर्तुळ फुगवण्यापेक्षा जागा बदला. भवानी मंडपाचं पटांगण बरं. मोकळ्यावर त्रिज्या २० मीटर आणि दोन केंद्रांत किमान ५० मीटर ठेवा, नाहीतर दोन मजकूर एकदम उघडतात. केंद्र पाण्यापासून आणि वाहनांपासून लांब, पदपथावरच असू द्या.

मोबाइलच्या होकायंत्रावर खेळ बेतू नका. गाडी, लोखंडी कठडा, स्लॅबमधल्या सळ्या जवळ असल्या की सुई भरकटते. याच सुईवर फ्लॅटची वास्तुदिशा ठरवून लोक भिंती पाडतात!

आता सर्वांत महत्त्वाचं: नकाशावरचा पुढच्या जागेचा ठिपका लपवा. ठिपका दिसला की मुलं त्याच्यामागे धावतात, वाचत कोणीच नाही. त्याऐवजी लिहा: ‘शालिनी पॅलेस मागे टाकून, पाणी डाव्या हाताला ठेवून चाला. पहिल्या वळणावर थांबू नका. दुसऱ्या वळणावर थांबा.’ ‘थांबू नका’ गाळून वाचणारा पहिल्याच वळणावर थांबेल. तिथेही एक वर्तुळ ठेवा, ‘शेवटचं वाक्य पुन्हा वाचा’ एवढंच सांगणारं. दोन वळणांत ५० मीटर नसतील तर दुसरी खूण निवडा. मजकूर ४० ते ६० शब्दांचा, अक्षर मोठं. उन्हात पडदा फिका दिसतो.

सुरुवातीला मुलांना दोन-तीन मिनिटं उघड्यावर उभं करा. इंटरनेट नसेल तर उपग्रहाच्या जागेची माहिती थेट त्याच्याकडूनच येते, सेकंदाला जेमतेम ५० बिट वेगाने, म्हणून ती मिळायला वेळ लागतो.