पिकअपचा पत्रा का घुमतो?

नारायणगावचा टोमॅटो रात्री निघून पहाटेपर्यंत वाशीला पोचतो. त्यातला बराचसा पिकअपमधून जातो. माल उतरला, फाळका लागला, की तीच गाडी रिकामी परत फिरते आणि भरलेल्या गाडीपेक्षा जास्त वाजते. पिकअप चालवणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. मागचे पाटे दीड-दीड टन वजन पेलण्याच्या हिशोबाने कडक बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की ते फारसे दबतच नाहीत, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक दणका चेसिसमार्गे थेट केबिनपर्यंत जातो. तिथे त्याची वाट पाहत असतो पत्रा.

पिकअपच्या सिंगल केबिनची रचना आवाजाच्या दृष्टीने वाईट आहे. मोटारीत आपल्या मागे सीट, तिच्या मागे डिकी, मध्ये कापड, फोम, गालिचा असं बरंच काही असतं. पिकअपमध्ये चालकाच्या डोक्यामागे वीतभर अंतरावर एक सपाट पत्र्याची भिंत असते, वर सपाट टप असतो आणि पायाखाली रबरी मॅट. पत्र्याची जाडी एक मिलीमीटरही नसते. एवढा मोठा, पातळ आणि सपाट पत्रा म्हणजे स्पीकरचा पडदाच. त्याला हलवणारं काहीतरी मिळालं की तो हवा ढकलतो, आणि ढकललेली हवा म्हणजेच आवाज.

हलवायला इंजिन आहेच. चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात. मिनिटाला २००० फेरे, म्हणजे सेकंदाला साधारण ३३ फेरे आणि ६७ धक्के. ३००० फेऱ्यांवर हेच धक्के सेकंदाला १०० होतात, म्हणजे १०० हर्ट्झ. समोरच्या काचेपासून मागच्या भिंतीपर्यंत केबिन साधारण दीड मीटर धरली, तर तिच्यातली हवा स्वतःहून ११४ हर्ट्झच्या आसपास डोलायला तयार असते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर; त्याला केबिनच्या लांबीच्या दुपटीने, म्हणजे तीन मीटरने भागलं की हा आकडा मिळतो. मागच्या भिंतीची आणि टपाची नैसर्गिक कंपनंही सहसा पन्नास ते काहीशे हर्ट्झच्या पट्ट्यातच पडतात. इंजिनचे धक्के, पत्रा आणि हवा या तिघांची वारंवारता जवळ आली की एका ठरावीक वेगाला केबिन अचानक घुमू लागते. ॲक्सिलरेटर थोडा सोडला की घुमारा जातो, पुन्हा दाबला की परत येतो. हा अनुनाद आहे, आणि त्याच्यावरचा उपाय हा इतर आवाजांवरच्या उपायापेक्षा वेगळा आहे.

वाजत्या थाळीवर तळहात ठेवला की ती गप्प होते. हात काही आवाज अडवत नाही. थाळीच्या कंपनातली ऊर्जा मऊ मांस शोषून घेतं आणि तिची अगदी नगण्य उष्णता होते. डॅम्पिंग शीट पत्र्याला हेच करते. ॲक्सेसरीजच्या दुकानात ‘साउंड प्रूफिंग’ म्हणून जी चंदेरी, मागून काळी आणि चिकट चादर मिळते, ती आवाज अडवणारी भिंत नव्हे. पत्र्याचं थरथरणं थांबवणं एवढंच तिचं काम, आणि ते ती फार छान करते.

त्या काळ्या थराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्यूटाइल रबर १९३७ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी बनवलं. टायरच्या आतली ट्यूब याच रबराची, कारण त्यातून हवा जवळजवळ सुटत नाही. या रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्यांवर मिथाइल गटांची इतकी दाटी असते की साखळ्या एकमेकींजवळून सहज सरकू शकत नाहीत. वायूच्या रेणूंना वाट मिळत नाही ती या दाटीमुळे. आणि रबर ताणून सोडलं की ते चटकन उसळी न घेता आळसावून परत येतं, तेही याच दाटीमुळे. त्या आळसात कंपनाची ऊर्जा खर्ची पडते.

पण नुसतं रबर पत्र्यावर थापलं तर ते पत्र्याबरोबर वाकतं, थोडं ताणलं जातं, आणि ऊर्जा मोजकीच खाल्ली जाते. पातळ पत्र्यावर असा एकेरी थर किती उपयोगी पडतो याचं गणित जर्मनीत हेर्मान ओबर्स्ट यांनी १९५२ मध्ये मांडलं. त्यातून दिसलं की चांगला परिणाम हवा असेल तर थर बराच जाड लागतो. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड कर्विन यांनी दुसरी रचना गणिताने उलगडून दाखवली: मऊ थराच्या डोक्यावर न ताणला जाणारा एक पातळ, ताठ थर चिकटवायचा. आता खालचा पत्रा वाकतो, वरचा ताठ थर त्याच्याइतका सरकायला तयार नसतो, आणि मध्ये अडकलेलं रबर तिरपं ओढलं जातं. या तिरप्या ओढीत रबर भरपूर ऊर्जा खातं. शीटवरचा ॲल्युमिनियमचा पापुद्रा हाच तो ताठ थर. अनेकांना वाटतं तो उष्णता परतवण्यासाठी किंवा दिसायला म्हणून लावलेला असतो. प्रत्यक्षात शीटची निम्मी करामत त्याच्यात आहे, आणि म्हणून पापुद्रा अगदी कागदासारखा पातळ असलेली स्वस्त शीट जाड दिसली तरी कमी काम करते.

‘जड शीट लावली की आवाज कमी’ असंही ऐकायला मिळतं. ते तपासून पाहू. ०.८ मिलीमीटर पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला सव्वासहा किलोच्या आसपास असतं. दोन मिलीमीटरची ब्यूटाइल शीट त्यात साधारण तीन किलोंची भर घालते. नुसत्या वजनाने आवाज अडवण्याचा नियम सांगतो की वजन दुप्पट झालं तर सहा डेसिबल कमी. इथे वजन दीडपटच झालं, म्हणजे फायदा जेमतेम साडेतीन डेसिबलचा. याउलट अनुनादाच्या क्षणी पत्रा किती हलणार हे जवळपास पूर्णपणे डॅम्पिंगवर, म्हणजे कंपन जिरवण्याच्या ताकदीवर, ठरतं. ते दहापट वाढलं तर हालचाल एक दशांश होते. हालचाल एक दशांश म्हणजे ऊर्जा एक शतांश, आणि तेच वीस डेसिबल. उघड्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केली तर तो टणटण वाजत राहतो. शीट लावलेला पत्रा ठप्प म्हणून तिथेच थांबतो. याहून सोपी परीक्षा नाही, आणि कुठे शीट लावायची तेही हीच टकटक सांगते.

कारण सगळीकडे लावायची गरजच नसते. सपाट पत्रा मध्यभागी सर्वांत जास्त वाकतो. कडांना तो वेल्ड केलेला असतो, आणि जिथे दाबून उभार काढलेले असतात तिथे तो आधीच ताठ असतो. प्रत्येक सपाट भागाचा मधला पाव ते तृतीयांश हिस्सा झाकला की फायद्याचा मोठा वाटा पदरात पडतो. सिंगल केबिनमध्ये माझा क्रम असा: आधी मागची भिंत, मग टप, मग पायाखालची फरशी आणि गिअर बॉक्सवरचा उंचवटा, शेवटी दरवाजे. पत्रा थिनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचा, गंज असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करायचा, कागदाचा फर्मा कापून त्यावरून शीट कापायची आणि छोट्या रोलरने दाबायची. खाली हवेचा फुगा राहिला तर तिथलं रबर पत्र्याला धरत नाही, आणि न धरलेलं रबर काहीच खात नाही. कापलेल्या पापुद्र्याची कड धारदार असते, तेव्हा हातमोजे घालावेत.

शीट घेताना वास घ्यावा. पत्र्याच्या छपराची गळती बंद करायची डांबरी पट्टीसुद्धा चंदेरी आणि चिकट असते, आणि ती बरीच स्वस्त पडते. पण डांबर उन्हात मऊ पडतं. विदर्भात मे महिन्यात हवेचं तापमान ४५ अंशांच्या पुढे जातं. उन्हात उभ्या गाडीचा टप त्याहून कितीतरी जास्त तापतो. अशा टपाच्या आतून लावलेली डांबरी पट्टी ओघळते, वास सोडते, आणि एखाद्या दुपारी कापडी छतासकट खाली लोंबते. फरशीवर ती एक वेळ चालून जाईल, डोक्यावर नको.

आता खिडकीकडे येऊ, कारण आपल्याकडच्या पिकअपचा सगळा हिशोब तिथे बदलतो. भिंतीच्या एक टक्का भागात भोक असेल, तर बाकीची भिंत कितीही भक्कम असली तरी एक टक्का ऊर्जा त्या भोकातून आत येणारच. एक टक्का म्हणजे वीस डेसिबल. याहून जास्त आवाज ती भिंत अडवूच शकत नाही. आणि एसी नसलेल्या पिकअपच्या दोन्ही काचा उन्हाळ्यात पूर्ण खाली असतात! अशा गाडीत आवाज अडवणारं जड व्हिनाइल, दुहेरी थर वगैरेंवर पैसे घालणं मला पटत नाही. वाऱ्याचा आणि टायरचा आवाज उघड्या काचेतून यायचा तो येतोच. डॅम्पिंगचं मात्र तसं नाही. मागची भिंत आणि टप हे स्वतःच केबिनच्या आत बसलेले आवाजाचे उगम आहेत. काच उघडी असो वा बंद, ते गप्प झाले की घुमारा कमी होतो. उघड्या काचांनी चालणाऱ्या गाडीत हाच एक खर्च पुरेपूर वसूल होतो.

केंद्र सरकारच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटातल्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली. पण एन-२ गट एकूण वजन साडेतीन टनांच्या वर गेल्यावर सुरू होतो. बहुतेक पिकअप त्या रेषेच्या आतच राहतात. म्हणजे ट्रकचालकाला मिळालेला गारवा आणि बंद काचांची शांतता पिकअपचालकापर्यंत नियमाने पोचलेली नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण तासांच्या हिशोबात दोघांचं काम फार वेगळं नसतं.

गाडीत एसी असेल आणि काचा बंद राहत असतील, तर आधी भोकं शोधावीत. रात्री केबिनमध्ये दिवा लावून बाहेरून पाहिलं की दरवाज्याच्या फटी दिसतात. दरवाजात कागदाची पट्टी धरून तो लावायचा. पट्टी सहज निसटली तर तिथली रबरी बीडिंग दमली आहे. गिअरच्या दांड्याखालचा फाटलेला रबरी बूट, क्लच-ब्रेकच्या पेडलांमागची भोकं, इंजिनकडून येणाऱ्या वायरींभोवतीचं सैल रबर, ही दुरुस्ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधीची. त्यानंतर फरशीवर बंद छिद्रांचा फोम आणि त्यावर जड व्हिनाइल अंथरता येतं. मधला फोम पत्रा आणि व्हिनाइल यांना एकमेकांपासून सुटं ठेवतो, आणि सुट्या दोन भिंती एकत्र चिकटलेल्या भिंतीपेक्षा जास्त आवाज अडवतात.

नुसता मऊ फोम चिकटवून घुमारा जाईल ही आशा मात्र सोडावी. सच्छिद्र वस्तू आवाज नीट शोषायची तर तिची जाडी त्या आवाजाच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाच्या जवळपास असावी लागते. १००० हर्ट्झला ही जाडी साडेआठ सेंटिमीटर भरते, १०० हर्ट्झला ८५ सेंटिमीटर. दहा मिलीमीटरचा फोम तीव्र, बारीक आवाज थोडे खातो, तेवढंच.

दरवाज्याच्या आत काम करताना पावसाची आठवण ठेवावी. काचेवरून ओघळलेलं पाणी दरवाज्याच्या पोटात उतरतं आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडतं. ती छिद्रं शीटने बुजली, किंवा आत पाणी धरून ठेवणारा उघड्या छिद्रांचा फोम किंवा फेल्ट लावला, तर कोकणातल्या एका पावसाळ्यात दरवाजा खालून कुजायला सुरुवात होते.

फरक मोजायला लोक मोबाइलवरचं डेसिबल ॲप उघडतात आणि निराश होतात. ही ॲप बहुधा ‘ए’ मोजपट्टी वापरतात. मानवी कान खर्जातल्या आवाजाला कमी संवेदनशील असतो, म्हणून ती मोजपट्टी १०० हर्ट्झच्या आवाजातून तब्बल १९ डेसिबल वजा करते. नेमका तोच घुमारा आपण कमी केलेला असतो, तेव्हा आकडा फारसा हलत नाही. ॲपमध्ये खर्ज फारसा वजा न करणारा ‘सी’ किंवा ‘झेड’ पर्याय असेल तर तो निवडावा, आणि त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाला आधी आणि नंतर मोजावं.

कानाच्या तब्येतीसाठी मात्र ‘ए’ मोजपट्टीच कामाची. भारतातल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतली नायोश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था ८५ सुचवते, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायला सांगते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. गोंगाटाने कान जातो तो सहसा आधी ४००० हर्ट्झच्या आसपास. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘त’सारखे उच्चार वरच्या पट्टीत असल्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द नीट लागत नाहीत. गेलेली ही श्रवणशक्ती परत येत नाही. खर्जातला घुमारा कानाला तेवढी इजा करत नाही, पण तो थकवतो. शिवाय त्याच्यावर मात करण्यासाठी टेपचा आवाज वाढवला जातो, आणि ती इजा मग टेप करतो.

काम झाल्यावर पहिल्या दिवशी एक तक्रार हमखास येते: गाडीतून नवेच आवाज यायला लागले! ते नवे नसतात. मोठा खर्ज आवाज आपल्याहून थोड्या वरच्या पट्टीतल्या लहान आवाजांना झाकून टाकतो. घुमारा गेला की डॅशबोर्डच्या सांध्याची करकर, सीटबेल्टच्या बकलची टकटक, जॅकच्या दांड्याची खडखड उघडी पडते. सांध्यांमध्ये फेल्टची चिकटपट्टी सारली आणि जॅक कापडात गुंडाळून ठेवला की बहुतेक थांबतात. उरलेली करकर दरवाज्याच्या ट्रिमची, म्हणजे आतल्या आवरणाची असते, कारण ती उघडताना प्लास्टिकच्या जुन्या क्लिपा तुटतात. काम सुरू करण्याआधीच नव्या क्लिपांची एक पुडी आणून ठेवावी.